गुडघा गेला, आवाज राहिलाय, माईक धरू का?

पत्र असं आलंय:

"दादा, मी वाळवा तालुक्यातला, वय २९. दहा वर्षं तालमीत काढली, जत्रेच्या मैदानात चार-पाच नंबरच्या जोडीपर्यंत पोचलो होतो. मागच्या वर्षी गुडघ्याचं दुसरं ऑपरेशन झालं आणि डॉक्टर म्हणाले आता माती बंद. गावच्या यात्रा कमिटीनं विचारलंय, मैदानाला निवेदन करशील का, सोबत एक जुने मास्तर आहेत. बोलायला मला येतं, तालमीत रात्री सगळे माझी कॉमेंट्री ऐकून हसायचे. पण आमचे आबा, ते पण पैलवानच, म्हणतात, 'लंगोट सोडून भोंगा धरणार काय'. मला पण कधी कधी वाटतं की हरलेला माणूसच बोलायला बसतो. आणि पैसे मागायचे का, मागायचे तर कसे, गावचंच मैदान आहे. लहानपणापासून डब्ल्यूडब्ल्यूईचा नाद आहे, त्यातले बोलणारे पण आधी पैलवानच असतात ना? – माती सुटलेला"

पैलवान, पत्र दोनदा वाचलं. सहीच्या जागी "माती सुटलेला" लिहिलंयस ते काय मला पटलेलं नाही, पण ते राहू दे, त्यावर येतो नंतर.

डब्ल्यूडब्ल्यूईचं विचारलंस म्हणून तिथूनच सुरू करतो कारण त्या नादातला मी पण आहे. अमेरिकेतला तो टीव्हीवरच्या कुस्तीचा शो, आमच्या वेळी त्याचं नाव डब्ल्यूडब्ल्यूएफ होतं, केबल नवीन नवीन आलेली, शाळेत दप्तरात ट्रम्प कार्डं, कुणाची हाईट किती न् वजन किती हे पाढ्यांपेक्षा जास्त पाठ. पण मागनं जी दोन माणसं बोलायची ती कोण हे कुणीच विचारत नव्हतं. इंग्रजी सगळं डोक्यावरून जायचं, आणि तरी त्यांचा आवाज चढला की आम्ही पोरं खाटेवर उभी राहायचो, शब्द एक कळलेला नसायचा. ते काम काय असतं हे मला लय वर्षांनी कळलं, जेव्हा मी स्वतः कबड्डीच्या स्पर्धांना माईक धरला.

तर तुझ्या प्रश्नाचं सरळ उत्तर, हो, त्यातले बरेच जण आधी रिंगणातलेच. आणि त्यातला एक माणूस तुला नीट सांगतो, जेसी व्हेंचुरा. खरं नाव जेम्स जानोस, मिनियापोलिसचा, जन्म १९५१ चा, आधी अमेरिकेच्या नौदलात होता, मग कुस्तीत आला. गळ्यात पिसांची माळ, डोळ्याला रंगीत गॉगल आणि काम कायम खलनायकाचं. (तिथला निकाल आधी ठरलेला असतो हे तुला माहितीय, पण अंग मात्र खरंच आपटतं, ते काय नाटक नाही.) १९८४ ला त्याला तिथला चॅम्पियन हल्क होगनबरोबर टायटलच्या लढती मिळणार होत्या, म्हणजे आयुष्यातली सगळ्यात मोठी कमाई समोर उभी, आणि नेमक्या त्याच वेळी फुफ्फुसात रक्ताच्या गुठळ्या झाल्या. गेला दवाखान्यात. लढती गेल्या, पैसे गेले. बाहेर आला तर हातात काय, तर माईक. आणि मग ३१ मार्च १९८५ ला न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये पहिलं रेसलमेनिया, म्हणजे त्यांचं सगळ्यात मोठं मैदान, झालं तेव्हा बोलायच्या टेबलावर गोरिला मॉन्सून आणि त्याच्या शेजारी हा. मधे थोडा रिंगणात जाऊन आला, पण आज लोकांना आठवतो तो टेबलावरचाच व्हेंचुरा.

आता त्यानं केलं काय ते बघ. बोलणारा माणूस चांगल्याच्या बाजूनं बोलणार असं सगळे धरून चालायचे, ह्यानं सरळ खलनायकांची वकिली सुरू केली. रेफ्रीची पाठ असताना मारलं तर बिघडलं काय, पकडलं का कुणी? आणि तोच प्रकार होगननं केला की टाळ्या का वाजवता? हे असलं तो बोलायचा, आणि ऐकणाऱ्याला राग यायचा पण मनात पटायचं सुद्धा, कारण हे सगळं त्यानं स्वतः केलेलं होतं, बाहेरून बघून तो बोलत नव्हता. नुसता चांगला आवाज असलेल्या माणसाला हे जमलं नसतं.

आणि शेजारचा मॉन्सून तर अजून गंमत. रिंगणात असताना त्याची ओळख काय करून द्यायचे तर हा मांचुरियाचा राक्षस, याला इंग्रजी येत नाही. खरं म्हणजे गडी न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टरचा, कॉलेज शिकलेला, कॉलेजच्या कुस्तीत नाव काढलेला. १९७६ ला फिलाडेल्फियात बॉक्सर मुहम्मद अली रिंगणात चढला तर ह्यानं त्याला खांद्यावर घेऊन गरागरा फिरवून खाली टाकला होता. तर असा हा "इंग्रजी न येणारा" माणूस पुढं लोकांच्या आवडत्या आवाजांपैकी एक झाला आणि बोलताना डोक्याच्या मागच्या हाडाचं डॉक्टरी नाव घ्यायचा, जिथं मार बसला तिथलं. लोक हसायचे, पण लक्ष बरोबर त्या जागेवर जायचं. हे तू चोर. तुला गुडघ्यातल्या लिगामेंटची नावं आता तोंडपाठ असतील, दोन ऑपरेशनं झालीत.

"हरलेला माणूस बोलायला बसतो" म्हणालास. बरं. कोरी ग्रेव्हज म्हणून एक आहे, तू बघितला असशील, टॅटूवाला. त्याला डोक्याला मार लागून लागून डॉक्टरांनी खेळायचं बंद केलं, डिसेंबर २०१४ मध्ये त्यानं निवृत्ती जाहीर केली तेव्हा वय होतं ३०. म्हणजे जवळजवळ तुझंच वय. तेव्हा तो एनएक्सटीत होता, खालच्या फळीत, मोठ्या शोच्या पैलवानांत पोचायचं स्वप्न तिथंच थांबलं. आणि २०१६ मध्ये तोच माणूस रॉ ह्या मोठ्या शोच्या टेबलावर, दर आठवड्याला. तो हरला का जिंकला हे मी ठरवत नाही. मला एवढंच दिसतं की ज्या शोमध्ये त्याला अंगाच्या जोरावर जायचं होतं तिथं तो तोंडाच्या जोरावर गेला, आणि त्याचं मन रिंगणाकडं बघून रोज दुखलं पण असेल. तुझं पण दुखेल. पहिल्या मैदानात तुझ्या जोडीचा गडी शड्डू ठोकून आत येईल, हलगी वाजायला लागेल आणि तुझ्या मांड्या आपोआप आवळतील, त्यावर औषध नाही माझ्याकडं, तसंच बोलत राहायचं.

आता आपल्या मैदानाचं बोलू, कारण तिकडचं सगळं इकडं चालत नाही. व्हेंचुरासारखी बाजू घ्यायची नाही हां. तिथं ती भूमिका होती, इथं खरी कुस्ती आहे, दोन गावं आहेत, दोन तालमी आहेत आणि पाठ लागली का नाही लागली यावरून माणसं आखाड्यात उतरतात. पंचांचा हात वर व्हायच्या आधी तुझ्या तोंडातून "चितपट" गेलं तर पुढचा अर्धा तास मैदान बंद, हे तू स्वतः बघितलं असशील. तुझ्या तालमीचा पोरगा लढत असेल तर सरळ आधीच सांगून टाक की हा माझ्या तालमीचा आहे, आणि मग त्याच्यापेक्षा समोरच्याबद्दल दोन वाक्यं जास्त बोल.

तुझ्याकडं जे आहे ते मास्तरांकडं नाही आणि मास्तरांकडं आहे ते तुझ्याकडं नाही, म्हणून वाटून घ्या. अमेरिकेत पण टेबलावर असंच असतं, एक जण काय चाललंय ते सांगतो, नावं, नियम, पुढची लढत, जाहिरात, आणि दुसरा, जो शक्यतो जुना पैलवान असतो, तो ते का चाललंय हे सांगतो. मास्तरांना घेऊ देत नावं, गावं, वस्तादांचे उल्लेख, आणि मुख्य म्हणजे चिठ्ठ्या! त्या चिठ्ठ्यांनी भलेभले निवेदक खाल्लेत. अमक्या अण्णांकडून ५०१, तमक्या साहेबांचं आगमन झालंय, एमएच दहाची पांढरी गाडी रस्त्यात लावलीय ती काढा, आणि इकडं पोरानं ढाक डाव मारलेला असतो तो कुणी बघितलेलाच नसतो. तिकडच्या निवेदकांच्या कानात यंत्र असतं आणि आत बसलेला मालक काय बोलायचं ते लय वर्षं सांगत असायचा, आपल्याकडं यंत्र नाही, कमिटीचा अध्यक्ष पाठीमागून खांद्यावर टकटक करतो, एवढाच फरक. कमिटीशी आधीच ठरवून घ्या की चिठ्ठ्या दोन कुस्त्यांच्या मधे वाचल्या जातील, एक नंबरच्या, म्हणजे सगळ्यात मोठ्या कुस्तीत एकही नाही. पाळतील का? निम्म्या पाळतील.

आणि कुस्ती सुरू झाली की तू बोल. पण काय बोल, तर जे लोकांना दिसत नाही तेवढंच. तो खाली वाकला हे वरच्या कट्ट्यावरच्या म्हाताऱ्याला पण दिसतं. पण आता पट काढणार, म्हणजे पाय धरून खेचणार, हे तुला दोन सेकंद आधी कळतं, कारण खांदा कसा पडला, वजन कुठल्या पायावर गेलं हे तुझ्या अंगाला माहितीय. समोरच्याला खाली धरून बसलेल्यानं घिस्सा डाव मारायची तयारी केलीय का नुसता दम खातोय, एकचाक डाव बसणार का सुटणार, हात धरून दस्ती खेचली ती खरी का फसवी. हे सांगितलंस की मैदानातली निम्मी पोरं पुढची कुस्ती वेगळ्या डोळ्यांनी बघतील. कोथळीच्या शंकर पुजारींचं निवेदन ज्यांनी मैदानात बसून ऐकलंय त्यांना मी काय म्हणतोय ते कळेल, तिथं लोक जोड कुठली हे विचारतात तसं माईकवर कोण हे पण विचारतात. त्यांची नक्कल मात्र करू नको, सगळीकडं आता त्याच चालीत बोलणारे झालेत, आणि शेरोशायरी तर पुरे झाली, खरंच पुरे.

कर्णे लावलेले असतात हे ध्यानात ठेव, आवाज डोंगराला आपटून परत येतो, भरभर बोललास तर कुणालाच काही कळत नाही. वाक्य टाक, थांब, परत टाक. दुपारी खोबऱ्याच्या वाट्यांच्या बक्षिसावरच्या बारक्या पोरांच्या कुस्त्यांपासून दिवस मावळेपर्यंत पाच-सहा तास जातात, सुरुवातीलाच ओरडलास तर एक नंबरला घसा बसलेला. कोमट पाणी. कोल्ड्रिंक कुणी आणून दिलं तर शेजारच्याला दे.

अजून एक, गप्प बसायचं कधी. १० सप्टेंबर २०१२ ला माँट्रियलमध्ये रॉ चालू होता, जेरी लॉलर, हा पण जुना पैलवान, त्या रात्री आधी स्वतः लढला होता, ६२ वर्षांचा माणूस, आणि मग टेबलावर बोलता बोलता कोसळला, हृदय बंद पडलं. तिथंच उपचार करून त्याला वाचवला, वाचला तो. पण मला आठवतं ते शेजारच्या मायकल कोलचं. लढती चालू राहिल्या पण त्यानं त्यांचं निवेदन थांबवलं, मधे मधे फक्त लॉलरची तब्येत काय आहे तेवढं शांतपणे सांगितलं. मैदानात पोरगं मानेवर पडलं, उठेना, तर तू पण तेच करायचं. "अरे बापरे काय पडला", "देवाची प्रार्थना करूया" असलं काही नाही, डॉक्टरला रस्ता द्या, गर्दी मागं घ्या, आणि गप्प. त्या पोराची आई घरी मोबाईलवर लाईव्ह बघत असते.

आता पैशाचं. हा तुझ्या पत्रातला सगळ्यात बारका प्रश्न होता आणि मला तो सगळ्यात मोठा वाटतो.

व्हेंचुरा बोलायला लागला तेव्हा आठवड्याला हजार डॉलर असं तोंडी ठरलेलं होतं. नुसतं तोंडी. मग त्या सगळ्या कार्यक्रमांच्या व्हिडिओ कॅसेटी निघाल्या, ढिगानं विकल्या गेल्या, सगळ्यात ह्याचा आवाज. १९८७ च्या सुमारास ह्याच्या एजंटानं विचारलं की कॅसेटींचे काय, रॉयल्टी काही? तर कंपनीकडून उत्तर आलं की आमचा नियमच आहे, कॅसेटवर जो मुख्य आकर्षण असतो त्यालाच रॉयल्टी मिळते, बाकी कुणाला नाही. ह्यानं ते खरं मानलं आणि सोडून दिलं. नंतर कळलं की असा नियम नव्हताच, दुसऱ्यांना मिळत होती. १९९१ मध्ये कोर्टात गेला, १९९४ मध्ये ज्युरीनं आठ लाख डॉलरच्या वर रक्कम त्याच्या पदरात टाकली, कंपनी अपिलात गेली, १९९५ मध्ये तिथंही निकाल त्याच्याच बाजूनं. आणि त्याच केसमध्ये शपथेवर मालकाला विचारलं गेलं की १९८६ मध्ये ह्यानं पैलवानांची युनियन काढायचा विषय काढला होता तो तुमच्या कानावर कुणी घातला, तर नाव आलं होगनचं. म्हणजे ज्याच्याबरोबरच्या लढती आजारपणानं गेल्या त्यानंच. असो, ते वेगळंच रामायण आहे.

मी ते प्रकरण पहिल्यांदा वाचलं तेव्हा अंगावर काटा आला होता, कारण माझं तेच झालंय, फक्त आठ लाख डॉलर मिळायचे राहिलेत. एका स्पर्धेला तीन दिवस बोललो, शेवटी शाल, नारळ आणि गांधी टोपी. मी पण हात जोडून घेतलं, गावचीच माणसं. मग दोन-तीन वर्षांनी माझाच पुतण्या मोबाईल घेऊन आला, काका हे तुम्हीच ना, तर त्या फायनलचा व्हिडिओ कुणाच्या तरी चॅनेलवर, बघणारे लाखांत, मधे मधे जाहिराती, आणि आवाज माझा पहिल्यापासून शेवटपर्यंत. नाव सुद्धा नाही कुठं खाली. कुणाला जाब विचारणार, कागद कुठाय? माझ्या घरात आज सोळा शाली आहेत, थंडी एवढी पडत नाही आमच्याकडं.

म्हणून सांगतो, माग. गावचं मैदान आहे ना, मग हलगीवाला पैसे घेतो, मंडपवाला घेतो, कर्णेवाला घेतो, ते पण गावचेच आहेत, त्यांना कुणी नारळ देऊन पाठवत नाही. पहिल्या वर्षी गावाला म्हणून कमी घे, किती कमी ते तू ठरव, पण शून्य घेऊ नको, कारण शून्यावरून पुढच्या वर्षी वर जाता येत नाही, लोक म्हणतात गेल्या साली तर फुकट केलंस. आणि साध्या कागदावर, वकील नको, स्टॅम्प नको, चार ओळी लिहून अध्यक्षाची सही घे: तारीख, किती तास, मानधन किती आणि कधी, आणि व्हिडिओ कुठल्याही चॅनेलवर टाकला तर निवेदक म्हणून तुझं नाव खाली येणार. चॅनेलवाल्याशी वेगळं बोल, जाहिरातीच्या पैशातला वाटा लगेच देतील असं नाही, पण विचार तरी. मास्तरांचं मानधन पण त्याच कागदात घाल, ते स्वतः मागणार नाहीत आणि तुझ्याकडं जास्त आलं तर वर्षभर बोलणार नाहीत.

आणि नोकरी किंवा शेती जे काही आहे ते सोडू नको एवढ्यात. जत्रांचा हंगाम असतो, बारा महिने मैदानं नसतात. खुराक पण कमी कर बाबा, हे कुणी सांगत नाही, मेहनत थांबते आणि दूध-तूप-बदाम तेवढंच चालू राहतं, मग वर्षाभरात सगळं वजन त्याच गुडघ्यावर.

व्हेंचुरा पुढं नगराध्यक्ष झाला, १९९८ च्या निवडणुकीत दोन मोठ्या पक्षांचे उमेदवार पाडून मिनेसोटाचा गव्हर्नर झाला, हे तुला सांगू का नको असं झालं होतं मला, कारण माईक हातात आला की आपल्याकडं माणूस लगेच ग्रामपंचायतीला उभा राहतो. निदान दोन हंगाम तरी थांब.

आता आबा. त्यांच्याशी भांडू नको आणि त्यांना ह्या अमेरिकेतल्या गोष्टी तर अजिबात सांगू नको. त्यांना एकच काम दे. मैदानाच्या आदल्या रात्री जोडींची यादी घेऊन त्यांच्यापुढं बस आणि विचार, हा पोरगा कुठल्या वस्तादाचा, त्या तालमीत कुठला डाव जास्त घोटून घेतात, ह्याचा बाप कसा लढायचा. ते आधी दोन शिव्या देतील, मग सांगतील, आणि एकदा सांगायला लागले की बारा वाजतील. ते सगळं वहीत लिहून घे. दुसऱ्या दिवशी माईकवरून सांगताना "आमच्या आबांनी सांगितलंय" एवढे तीन शब्द आधी लाव. ते कट्ट्यावर बसलेले असतील, येणार नाही म्हणाले तरी येतील.

आणि ती सही बदल. दहा वर्षांची माती दोन ऑपरेशनांनी सुटत नाही, तुझे पैलवानी कान बघ आरशात, ते तसेच आहेत ना मोडलेले?

मैदानाची तारीख कळव. जमलं तर येतो, मागं बसून ऐकीन. फक्त कमिटीला सांगून ठेव, पाहुण्यांच्या सत्काराला माझं नाव पुकारायचं नाही, शाल नको.